दिवसाचा कागद

नव्या कोऱ्या पुस्तकाची पाठ मी पहिल्यांदा कापली ती २००४ च्या दसऱ्याआधीच्या रविवारी. स्टाफरूममध्ये बसून, चांभाराकडून मागून आणलेल्या रापीने. समोर बसलेला विद्यार्थी कासावीस झाला होता. "सर, कशाला फाडता? कोरं हाय ते." त्याच्या घरी तोवर कुणी कोरं पुस्तक विकत आणलेलं नव्हतं आणि मी त्याच्या देखत त्याचे तुकडे करत होतो. एकेक घटक वेगळा केला, गोधडीच्या दोऱ्याने टाके घातले, वर खाकी कागद चिकटवला. अर्थशास्त्राच्या एका जाड पुस्तकाच्या अशा बारीक वह्या झाल्या की एक वही बंडीच्या खिशात बसावी.

तो आठ दिवसांनी ऊसतोडीला जाणार होता. बायको, दीड वर्षाची मुलगी, दोन बैल आणि टायरगाडी. मुकादमाकडून उचल घेतलेली, म्हणजे जाणं टळणार नव्हतं. आमच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघालेल्या टोळ्या पाडव्याच्या आगेमागे परततात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी नगरकडे, कुणी थेट कर्नाटकात बेळगावकडे जातं. माझी संपर्क सत्रं, म्हणजे समोर बसवून शिकवायचे वर्ग, नेमकी त्याच महिन्यांतल्या रविवारी. म्हणजे प्रवेश घेतलेला हा विद्यार्थी वर्गात एकदाही बसणार नव्हता.

मी तेव्हा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे शिकवणारा-मार्गदर्शन करणारा शिक्षक, होतो. २००३ पासून निवृत्तीपर्यंत पंधरा वर्षं ते काम केलं. आठवडाभर ज्युनिअर कॉलेजच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवायचं आणि रविवारी त्याच बाकांवर त्यांच्या आईवडिलांच्या वयाची माणसं बसायची. पहिलं वर्ष मी सरळ वाया घालवलं असं आज म्हणतो, कारण शनिवारी अकरावीला जसं शिकवायचो तसंच रविवारी शिकवत राहिलो. पाठीमागच्या बाकावर होमगार्डची ड्यूटी करून आलेला माणूस झोपायचा आणि मला राग यायचा.

टायरगाडीवाल्याने मला पहिला धडा दिला, तोही नकळत. मी त्याला विचारलं होतं, "अभ्यास कधी करशील?" तो म्हणाला, "करीन की सर." हे उत्तर सगळेच देतात. मग मी म्हटलं, बरं, फडातला एक दिवस सांग, उठल्यापासून. तो सांगत गेला. पहाटे चारच्या आधी उठायचं, अंधारात फडावर जायचं, दुपारपर्यंत तोड, मग मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, संध्याकाळी गाडी कारखान्यावर न्यायची. "आणि तिथं नंबर लागला की खाली करायची."

"नंबर कधी लागतो?"

"कधी दोन तासानं. कधी रात्र जाती."

"तोवर काय करतोस?"

"काय करायचं? बैलाला वाढं टाकून बसतो गाडीखाली. आवारात दिवे असत्यात मोठे."

तिथे मला त्याची शाळा सापडली. कारखान्याचं आवार, हॅलोजनचा उजेड, वजनकाट्यापर्यंतची गाड्यांची रांग. पण उसाने भरलेल्या गाडीवर जाड पुस्तक नेणार कुठे, आणि दवाने भिजलं तर? म्हणून रापी.

सोबत दहा पोस्टकार्डं दिली. पन्नास पैशांचं एक. माझा पत्ता मीच लिहिला. अट एकच: एक घटक वाचून झाला की वही मिटायची आणि काय समजलं ते पाच वाक्यांत लिहून टाकायचं. उलट पत्र पाठवणं अवघड होतं, टोळीचा मुक्काम हलत राहायचा. त्यामुळे ठरवलं की रविवारी संध्याकाळी त्याने कारखान्याच्या गेटाजवळच्या कॉइन बॉक्सवरून माझ्या घरी फोन करायचा. रुपयाची नाणी संपेपर्यंत आम्ही बोलायचो.

डिसेंबरात आलेलं एक कार्ड अजून माझ्याकडे आहे. घटत्या फलाचा नियम. पुस्तकात शेत, खत आणि मजूर यांचं कोष्टक होतं. त्याने लिहिलं होतं: "एका फडात चार कोयते हायत तवर मोळ्या वाढत्यात. आठ घातले की एकमेकाच्या पायात येत्यात. फड तेवढाच हाय." मी वीस वर्षं हा नियम शिकवत आलो होतो. त्यानंतर दर वर्षी अकरावीलाही मी त्याचंच उदाहरण देत राहिलो.

दहा कार्डं संपली तेव्हा त्याने सात स्वतःच्या पैशाने घेतली.

त्याने शाळा नववीत सोडलेली. दहावी-बारावी नसताना तो पदवीच्या वर्गात आला कसा, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी नावाचा शिक्षणक्रम होता. वय अठरा पूर्ण, लिहितावाचता येतं, एवढ्यावर त्यात प्रवेश, आणि तो पार केला की पदवीचा दरवाजा उघडा. टपालाने शिकवणं आपल्या देशात नवं नव्हतं, दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्येच पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं होतं. नवा होता तो दरवाजा. इंग्लंडात १९६९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटी निघाली, आपल्याकडे १९८२ मध्ये हैदराबादेत पहिलं मुक्त विद्यापीठ आलं, १९८५ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला आमचं. राम ताकवले पहिले कुलगुरू. गंगापूर धरणाजवळच्या आवाराचं नाव ज्ञानगंगोत्री आणि ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. तिथला पिनकोड ४२२२२२. चारापुढे पाच वेळा दोन. आमच्या केंद्रावरच्या बायका आधी तो पिनकोड पाठ करायच्या, विषयांची नावं मागाहून.

विद्यापीठाच्या त्या पुस्तकांबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. आत पाऊल टाकताच आधी उद्दिष्टे: हा घटक वाचल्यावर तुम्हाला काय काय सांगता येईल. मग प्रास्ताविक, विषयविवेचन, आणि मध्येच थांबवून विचारलेले स्वयं-अध्ययन प्रश्न. उत्तरं त्याच घटकाच्या शेवटी. शिवाय सारांश, कठीण शब्दांचे अर्थ, सरावासाठी स्वाध्याय. स्वीडनचे बोर्ये होल्मबर्ग म्हणायचे की दूरशिक्षणाचा मजकूर हा शिक्षकाने विद्यार्थ्याशी मारलेल्या गप्पांसारखा असावा. चांगल्या घटकात तसं होतंही. एकट्याने वाचणाऱ्याला कुणीतरी विचारतंय, "इथवर आलं का लक्षात?" माझ्या मते ग्रामीण महाराष्ट्रातल्या प्रौढ वाचकासाठी इतक्या विचाराने बांधलेली पुस्तकं फार थोडी झाली.

तरीही पुस्तक सगळ्यांना एकच. केजच्या कंडक्टरला तेच, पाटोद्याच्या सुनेला तेच. मायकेल मूर नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात मांडलेली एक गोष्ट मला इथे फार पटते. दूरशिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, असं ते म्हणतात. शिकवण्याची आखणी किती घट्ट आहे आणि दोघांत बोलणं किती होतं, यावर ते अंतर ठरतं. आखणी घट्ट आणि बोलणं कमी, तर समोरच्या बाकावरचा विद्यार्थीसुद्धा लांब. माझा झोपलेला होमगार्ड माझ्यापासून दहा फुटांवर होता. टायरगाडीवाला सांगली जिल्ह्यात होता आणि कितीतरी जवळ.

२००५ पासून मी पहिल्या संपर्क सत्रात विषयाला हात लावणं बंद केलं. प्रत्येकाला एक कोरा कागद द्यायचो. उठल्यापासून झोपेपर्यंतचा तुमचा दिवस लिहा. घड्याळ नको, उन्हावर लिहा, बसच्या वेळेवर लिहा, दूधवाल्यावर लिहा. त्याला आम्ही दिवसाचा कागद म्हणायचो. मग एकेकाला जवळ बसवून त्या कागदातल्या फटी शोधायच्या आणि त्या फटीत कोणत्या मापाचा अभ्यास मावतो ते ठरवायचं. दहा मिनिटांच्या फटीत वाचन मावत नाही, एक प्रश्न मावतो. हात गुंतलेले पण कान मोकळे अशी फट असते. उजेड नाही पण एकांत आहे अशीही असते.

एका कंडक्टरच्या कागदावर "मुक्काम" एवढा एकच शब्द रात्रीपुढे होता. त्याची गाडी संध्याकाळी सातला डोंगरातल्या एका वाडीला मुक्कामी जायची आणि पहाटे साडेपाचला परत निघायची. वाचायला घेतलं की डोळा लागतो, ही त्याची तक्रार. पण माणूस बोलका. मग लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर मी प्रश्न लिहून दिले, मागे उत्तरं. रात्री ड्रायव्हर प्रश्न वाचायचा, हा उत्तर द्यायचा. पुढच्या वर्षी त्या ड्रायव्हरनेही प्रवेश घेतला.

अंगणवाडीताईची गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे. सेविका म्हणून बारा वर्षं झालेली, पदवी मिळाली तर मुख्यसेविकेच्या जागेसाठी अर्ज करता येईल म्हणून आलेल्या. हुशार बाई, पण आलेख दिसला की पुस्तक मिटायच्या. "सर, ते रेघोट्यांचं सोडून बाकीचं शिकवा." मागणीचा वक्र सोडून अर्थशास्त्र शिकवायचं म्हणजे मीठ सोडून स्वयंपाक. मी त्यांचा दिवसाचा कागद पुन्हा काढला. त्यात एका ओळीत होतं: "महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वजनं घेऊन तक्ते भरणे."

पुढच्या रविवारी मी त्यांना वाढीचा तक्ता घेऊन यायला सांगितलं आणि खडू त्यांच्या हातात दिला. त्या फळ्यापुढे उभ्या राहिल्या. आडवं बाळाचं वय, उभं वजन. रेघ चढती असली तर ठीक. दोन महिने आडवी पडली तर घरी जायचं, आईला काय खाऊ घालते विचारायचं. उतरली तर धावायचं. वीस मिनिटं बोलल्या, एकदाही अडखळल्या नाहीत. सगळा वर्ग ऐकत होता, पोलीस हवालदारसुद्धा. मग मी त्याच रेघांवरचं "वय" पुसून "मागणी" लिहिलं, "वजन" पुसून "किंमत" लिहिलं आणि वक्र काढला.

ताई बघत राहिल्या. "ही तर उतरती रेघ झाली. आमच्यात उतरती म्हणजे पोर धोक्यात." थोडं थांबून स्वतःच म्हणाल्या, "नाही. आधी कडेला काय लिहिलंय ते वाचायचं. किंमत वर जाती तशी मागणी कमी." मला पुढे काही शिकवावं लागलं नाही. आलेख त्या बारा वर्षं काढत होत्या, फक्त त्याला आलेख म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

माणसाच्या मापाचं शिक्षण कधी शिक्षक बेततो, तर कधी ते नियमातच असतं. माझ्या भाच्याला अक्षरं उलटीसुलटी दिसायची. डिस्लेक्सिया हा शब्द घरात फार उशिरा आला, तोवर तो नववीत दोनदा बसला होता आणि मामाला म्हणजे मला बघून खोलीत निघून जायचा. त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करू दिलं, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. पाच विषय, त्यात एक तरी भाषा हवी, बाकी यादीतून आपल्या कलाने निवडायचे. त्याने चित्रकला घेतली, गृहविज्ञान घेतलं, गणित घेतलं नाही. नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात, आणि एकेक विषय सोडवत जाता येतं. एका उन्हाळ्यात एकच विषय. पहिली गुणपत्रिका आली तेव्हा त्यात एकाच विषयापुढे गुण होते आणि त्याने ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. साडेतीन वर्षं लागली. वर्षाच्या मापाने कापलेल्या शाळेत हा मुलगा नापास होता, इथे तो फक्त सावकाश होता. मुलांचा असा छळ बघणाऱ्या आईबापांनी ही वाट चौकशी न करता सोडू नये, हे मी हात जोडून सांगतो.

आता केंद्रावर माझ्या जागी एक तरुण मॅडम आहेत. परवा त्या भेटल्या. व्हॉट्सॲपवर गट आहे, धडे व्हिडिओत आहेत, २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्वयम या सरकारी ऑनलाइन मंचावर विद्यापीठांचे अभ्यासक्रम आहेत, आणि काही ॲप तर चुकलेलं उत्तर बघून पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड करतात. मला याचा मनापासून आनंद आहे. कॉइन बॉक्सवर नाणं संपून अर्धं राहिलेलं बोलणं मी विसरलेलो नाही. माझ्या टायरगाडीवाल्याकडे तेव्हा असा फोन असता तर त्याची दोन वर्षं वाचली असती. त्याला पदवीला पाच वर्षं लागली.

मॅडम म्हणाल्या, "सर, आता प्रत्येकाला आपापल्या गतीने शिकता येतं." खरं आहे. मी त्यांना इतकंच विचारलं की गटातल्या किती बायकांचा फोन स्वतःचा आहे, आणि तो दिवसाच्या कोणत्या वेळी त्यांच्या हातात असतो. त्या थोड्या विचारात पडल्या, मग म्हणाल्या, "विचारते." दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. बऱ्याच जणींना फोन रात्री साडेनऊनंतर मिळत होता, मुलाचा क्लास आणि नवऱ्याच्या बातम्या झाल्यावर. मॅडम धडे दुपारी दोनला टाकत होत्या आणि चारला चाचणी घेत होत्या. आता चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उघडी ठेवतात.

हे सगळं लिहायला बसलो ते एका कागदासाठी, आणि तोच शेवटपर्यंत मागे ठेवला.

२००७ साली एक सून आमच्या केंद्रावर होती. बावीस-तेवीस वर्षांची, दोन मुलं. पाच रविवार आली, मग थांबली. पहिला स्वाध्याय तिने दिला होता, विषय रोजगार हमी योजना. पुस्तकात वि. स. पागे यांचं नाव होतं, १९७२ चा दुष्काळ होता, १९७७ चा कायदा होता. तिने त्यातलं थोडंच लिहिलं होतं. बाकी चार पानं तिच्या सासूबाईंची होती. त्या बहात्तरला पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होत्या, वीस मैलांवरून बायका आलेल्या, सुकडी कशी वाटायचे, लहान पोरं झाडाला झोळी बांधून कशी निजवायचे, हजेरीत नाव चढवताना वय कसं वाढवून सांगायचे. सगळं तिच्या बोलीत. पाणीला पानी, कोणलाही कोन.

मी लाल पेनाने अशा प्रत्येक 'न'च्या खाली रेघ मारली. समासात "विषयांतर" लिहिलं. वीसपैकी आठ गुण दिले. त्या रविवारी मला सदतीस स्वाध्याय तपासून द्यायचे होते, पण हे कारण मी स्वतःलाही सांगत नाही. योजनेचा जो परिणाम मोजायला अभ्यासक गावोगाव हिंडतात, तो तिने सासूला स्वयंपाकघरात विचारून आणला होता. आणि मी न-ण बघत बसलो.

ती थांबल्याचं मला दिवाळीनंतर जाणवलं. निरोप पाठवला, उत्तर आलं की घरचं काम आहे. यापुढे तपासताना पहिलं वाचन पेन खाली ठेवून करायचं, हा नियम मी त्या दिवशी घातला आणि निवृत्त होईपर्यंत पाळला. तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.

मागच्या महिन्यात जुन्या फायली आवरताना दिवसाचे कागद हाती आले. तिचाही होता. माझ्या आठवणीत तिच्या कागदावर तीनच ओळी होत्या, आणि फट नाही असं मी तेव्हा तिला सांगितलंही होतं. ओळी तशाच आहेत: "पहाटे चारला उठते. रात्री अकराला झोपते. मधलं सगळं घरचं."

कागद उलटला तर मागे पेन्सिलीने आणखी एक ओळ होती. ती मी तेव्हा वाचली नव्हती.

"दुपारी पानी आनायला जाते तवा एकटी असते. जायला यायला धरून तास."